उजवी कड

झेरॉक्सच्या दुकानातल्या दोन्या एर्मिनियाला
फिजिक्स येत नाही, पण विषय ओळखता येतात.
हातात घेऊन, वजनावरून.
स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स : अंगठ्याएवढं जाड.
क्वांटम : दोन भाग, दुसरा न्यायला निम्मेच परत येतात.
आणि इलेक्ट्रोडायनॅमिक्स?
"ते एकच पोर तीन-तीनदा नेतं, बाई.
आधीची प्रत खातात की काय, कोण जाणे."

ला पासमध्ये एम.एस्सी. करायची
तर आधी गुडघ्यांना विचारावं लागतं.
एल आल्तोहून केबलकारने खाली उतरायचं,
खाली म्हणजे तरी साडेतीन हजार मीटरांवर,
संप आज आहे की उद्या ते दारावर वाचायचं,
आणि नसलाच
तर चार जिने चढून
खडू शिल्लक असलेली खोली शोधायची.

पान एकशे त्रेचाळीस.
मूळ पुस्तक ग्रंथालयात कुलपात आहे म्हणतात,
किल्लीवाला निवृत्त झाला.
पहिली प्रत काढणारा घाईत असावा,
किंवा वीज जायच्या बेतात होती.
पान तिरकं पडलं
आणि उजवी कड दोन बोटं कापली गेली.
इंटिग्रल नीट सुरू होतं, तीन ओळी शहाण्यासारखं चालतं,
बरोबरच्या चिन्हापाशी येतं
आणि कागद संपतो.
त्या प्रतीवरून प्रत, तिच्यावरून पुन्हा प्रत.
पानाला वीस सेंताव्हो.

विल्मेर तिकोना संध्याकाळी मिनीबसच्या दारात लोंबकळत
थांब्यांची नावं ओरडतो,
त्यामुळे सकाळी त्याला आवाज नसतो.
घोगरा म्हणाला, अधिक.
मी म्हटलं, उणे.
चार रात्री त्यात गेल्या,
आईने निवडायला दिलेला चुन्यो, तो वाळवलेला बटाटा,
तसाच पोत्यात राहिला.

शेवटी प्राध्यापक साल्वातिएर्रांकडे गेलो.
त्यांनी खण उघडला.
त्यांचीही प्रत तिरकीच,
समासात तीनदा खोडलेलं,
कागद तिथे इतका झिरझिरीत की पलीकडचं बोट दिसावं.
"मला काय विचारता?" म्हणाले.

मग जूनमध्ये माझी पाळी डोंगरावर, पाच हजार दोनशे मीटर.
आकाशातून येणारे कण रात्रभर मोजायचे.
वर पाणी लवकर उकळतं
आणि बटाटे काही केल्या शिजत नाहीत.
रखवालदार दोन फाकुंदो पातेल्यावर दगड ठेवून बसलेला.
माझी वही त्याने उलटी बाजूने वाचली.
उठला, ट्रंकेतून एक पान काढलं.
एकशे त्रेचाळीस.
उजव्या कडेला जुन्या कॅलेंडरची पट्टी चिकटवलेली,
तिच्यावर बारीक अक्षरात पुढच्या दोन ओळी,
आणि चिन्ह : उणे.

"तुम्ही शिकत होतात?"
"होतो."
"आणि पदवी?"
"तोंडी परीक्षेच्या दिवशी रस्ता बंद होता."
कुणी बंद केला, कशासाठी, पुढची तारीख का नाही मिळाली,
यातलं काहीच तो बोलला नाही.
सुरीचं टोक बटाट्यात खुपसून पाहिलं.
"अजून अर्धा तास."
मोजणीयंत्र टकटक करत होतं,
म्हणजे कुठेतरी काहीतरी येऊन पोचत होतं.

माझ्या तोंडी परीक्षेच्या आदल्या महिन्यात
विल्मेरच्या मावसभावाने साओ पाउलोहून
खऱ्या पुस्तकाच्या त्या पानाचा फोटो पाठवला.
आम्ही दोघांनी एकाच फोनवर डोकी घातली.
कापल्या गेलेल्या दोन बोटांत
मोठ्या लेखकाने लिहिलं होतं :
"हे उघडच आहे."
चिन्ह पुढच्या पानावर. उणे.
विल्मेर इतका हसला की त्याला खोकला आला.
मला हसू आलं नाही. मला ती कॅलेंडरची पट्टी दिसत होती,
तिच्यावरचा ऑगस्टचा अर्धा आठवडा.

तो फोटो छापून मी दुकानात नेला.
दोन्या एर्मिनियाने यंत्राचं झाकण उचललं,
जुनं पान एका हातात, नवं दुसऱ्या.
"इथून पुढे पोरांना कुठलं देऊ?"
मागे पहिल्या वर्षाची रांग लागली होती,
कुणीतरी सुटे पैसे खुळखुळवत होतं.
"थांबा," म्हटलं,
"जरा थांबा."