एक पद

खळ मी घरीच शिजवतो. गव्हाचं पीठ, पाणी,
मंद आच. ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही.
एकतीस वर्षं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर
आणि एसटीच्या शेडच्या खांबावर
जे जे चिकटलं ते ह्या हातानं.

आंबा काढायला गडी पाहिजेत, झाडावर चढणारे.
दारू पिऊन आल्यास परत पाठवण्यात येईल.
कॅनिंगला साली काढायला बायका,
हातमोजे ज्याचे त्याने आणावेत.
काजू फोडायला चौदाजणी.
मतदानाची शाई ह्यांच्या बोटांवर शोधावी लागते.

मुरारी तांडेलाच्या ट्रॉलरवर खलाशी,
आठ महिने, जेवण बोटीवर.
हा कागद दरसाल लागतो.
विन्या भाटकर तो वाचत उभा होता,
वाचता वाचता त्याची बोईसरची गाडी आली.
मग तुलाराम आला, नेपाळचा, समुद्र न बघितलेला.
अक्षरं त्याला येत होती, आपलीच,
ख-ला-शी, त्यानं स्वच्छ वाचलं
आणि मला विचारलं, म्हणजे काय?

रिसॉर्टवाल्यानं एकदा इंग्रजीत छापून दिला.
कोणी आलं नाही म्हणून माझ्यावर चिडला.

ह्या सोमवारी ग्रामसेवकांनी दिला तो कागद
मी पालथा घालून खळ लावली, चिकटवला,
मग वाचला.
शिपाई. एक पद. मानधन नियमाप्रमाणे.
दहावी पास. स्थानिक रहिवासी असावा.
मी चौथी. मला फक्त पोहता येतं का विचारलं होतं,
कारण पूल नव्हता
आणि पलीकडच्या वाडीची घरपट्टी
खाडी ओलांडून कोरडी आणायची होती.

कामाचे स्वरूप: पाणी सोडणे, साफसफाई, टपाल
व इतर.

इतर म्हणजे
धाकू घाडी दर वेळी म्हणतो, चष्मो घराक रवलो.
धाकूला चष्मा नाही.
तेव्हा कागद मोठ्यानं वाचायचा,
पण तोंड करायचं दुसऱ्या कुणाकडे.
इतर म्हणजे
मुंबईहून मयताचा फोन आधी कार्यालयात यायचा,
त्या घरी जाताना सायकलवर बसायचं नाही,
हातात धरून चालत जायचं,
म्हणजे पाणंदीच्या टोकाला मी दिसल्यापासून
दारात पोचेपर्यंत
तेवढा वेळ त्यांना मिळतो.

बायो धुरीणीच्या शेळीला खळ आवडते.
ह्या गावच्या अर्ध्या नोकऱ्या तिनंच खाल्ल्या.
खळीत मोरचूद घाल, सगळे सांगतात.
घातला नाही कधी.
मंगळवारी उजाडता बघतो तर
अर्जाची शेवटची तारीख तिच्या पोटात,
सरपंचबाईंची सही पण.
दुसरा लावला, जरा वर.

बुधवारी रुक्साना सोलकर आली,
टोपली रिकामी, अंगाला बांगड्याचा वास.
म्हणाली, दहावी आहे, उर्दू शाळेतली. चालेल?
मला कोण विचारतो, मी म्हटलं, पण चालेल.
अर्ज कुठे मिळतो, तिनं विचारलं नाही.
नियमाप्रमाणे म्हणजे किती, तेही नाही.
विचारलं, आमच्या मोहल्ल्यात पाणी
अर्धाच तास का येतं?

चावी घेतली. टाकीपाशी गेलो,
करवंदीच्या जाळ्या बाजूला करत.
व्हॉल्व दाखवला. तिनं जोर लावला.
हलेना.
उलटा फिरतो, मी म्हटलं,
बसवतानाच चुकला. माझ्याच हातानं.
तिनं हात ओढणीला पुसले, ओढणी कमरेला खोचली,
उलटा फिरवला.

खाली कुठेतरी पाईप खाकरला
आणि पाणी उतारानं निघालं,
आधी तिच्या घराकडे.