पंच क्रमांक दोन

दुकानाची पाटी दोन भाषांत आहे,
वर मोठी कानडी, खाली बारीक मराठी,
नियमच तसा.
काउंटरखाली एक शंभर पानी वही आहे,
तिची भाषा तिसरीच:
पोस्टमनचा उलटा झेड,
सोसायटीच्या सेक्रेटरीचे चार शून्य,
अंगणवाडीच्या बाईंची, लेकीची जन्मतारीख,
जांबोटीच्या डॉक्टरचं एक नाव,
जे त्याच्या बायकोचं नव्हे.

डिस्प्ले बदलला की टच चालतो का बघायला
कोड लागतोच. लोक सांगतात.
अर्ध्या खानापुराची कुलपं मला पाठ आहेत
आणि आजवर कुणाच्या चुलीपर्यंत गेलो नाही.
(गेलो. एकदा.)

रात्री साडेनऊ, शटर अर्धं ओढलेलं.
बडिगेर हवालदार वाकून आत आले,
"बर्री, पाच मिनिटं."

ठाण्यात बाकावर रुक्माण्णा झुंजवाडकरचा धाकटा,
कापडदुकानात कामाला असतो तो,
पायात एकच चप्पल.
टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत त्याचा फोन,
जित्या माशासारखा मधेच थरथरत होता.
काच मीच बसवलेली, श्रावणात.

पोरगा कोड सांगत नव्हता.
साहेब म्हणाले, कायदा आहे.
मी म्हटलं, कागद आहे काय?
"आहे की," म्हणत हसून दिला.
मला कानडी येते बसच्या पाटीपुरती:
बेळगावी, धारवाड, अळणावर.
त्या कागदात कुठलंच गाव नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, गुन्हेगाराचं काय झाकायचं?
मीही तेच म्हणतो.
ट्रायल रूमच्या फटीतून त्यानं बारा सेकंद चोरली
आणि चौघांना वाटली.
मी कोड सांगितला.
पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगीन.

पण फोन उघडल्यावर बारा सेकंदांपाशी कोण थांबतंय?
अंगठा सरकत गेला:
आईचा खोकला, डॉक्टरला ऐकवायला भरून ठेवलेला,
गणपतीच्या वर्गणीचा हिशेब,
हुबळीच्या नोकरीचा नकार,
कुणाला तरी लिहिलेलं, न पाठवलेलं,
त्यावर तर चांगलेच हसले सगळे.
बाकावर पोरगा खाली बघून
असलेल्या एका चपलेचा अंगठा ओढत होता.

मग ती बारा सेकंद.
खात्रीसाठी दोनदा.
लेखनिकाला नीट दिसलं नाही म्हणून तिसऱ्यांदा.
एका बाईची अब्रू राखायला
आम्ही पाच पुरुष टेबलावर वाकलो होतो.
मी मान फिरवली
असं सांगायला मला आवडलं असतं.

"इल्ली सही माडी."
केली. मराठीत केली,
तेवढाच आपला बाणा.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात
संजीवनी निलावडकर दुकानात आली.
फोन मलप्रभेत पडलेला, घाटावर धुणं धुताना.
मी सवयीनं वही काढली, पेनाचं टोपण उघडलं.
कोड?

ती बघत राहिली.
पंचनाम्याच्या नकलेत साक्षीदारांची नावं असतात,
आणि तिची शाळा कानडी होती,
तिला सगळा कागद वाचता येतो.

"कोड नाही सांगणार. तसाच करा."

तसाच केला.
दोन दिवस तांदळात, मग नवा डिस्प्ले.
बंद फोनवर एकच गोष्ट चालते,
आणीबाणीचा कॉल.
आकडे उमटतात का बघायला दाबले,
एक, एक, दोन.
लावला नाही. पुसला.

पैसे तिनं काउंटरवर ठेवले,
हातात नाही दिले.
सुट्टे आठ रुपये माझ्याकडं राहिलेत अजून,
वहीत लिहून ठेवलेत,
तिच्या नावापुढं, जिथं कोड असतो तिथं.