बदली

रात्री साडेअकराला ससून डॉकच्या बर्फ कारखान्यात
सिमॉनने मोबाईल उभा केला एका फुटक्या लादीला टेकवून.
आत पण बर्फच होता.
पण तो पापलेटावर पसरायचा नाही, सरबतात घालायचा नाही,
त्याच्यावर मोटारसायकली पळत होत्या.

भास्कर भानजी म्हणाला, खोटं आहे, कॉम्प्युटरवर करतात.
मग जवळून दाखवलं चाक:
बोटाच्या पेराएवढे खिळे, शेकडो,
करवतीत कुणी हवा भरावी तसं.
आणि ब्रेक नाही.
ब्रेकच नाही? रामआसरेने दोनदा विचारलं.
त्याच्या सायकलला पण नाही,
तरी त्याला वाईट वाटलं.

चार देश. नावं आम्हाला वाचता येईनात,
म्हणून डोक्यावरच्या रंगांनी हाका मारल्या,
लाल, निळा, पांढरा, पिवळा.
एका फेरीत चौघं, वळसे चार, सगळी वळणं डावीकडे.
आमची लादीही डावीकडेच वळते
टाकीपासून घसरगुंडीपर्यंत;
आकड्याचा एक झटका, की एकशेतीस किलो गारठा
आपल्याच मर्जीने वळल्यासारखा वळतो.
ते मात्र गाडीसकट आडवे होतात,
डाव्या गुडघ्याला टायरचा तुकडा बांधून,
बर्फाच्या कानात काही सांगायचं असल्यासारखे,
आणि मागे पांढरा भुगा उडतो,
आमच्या क्रशरच्या तोंडातून
ट्रॉलरच्या पोटात पडतो तसाच.

चहाच्या पैजा लागल्या.
सिमॉनने लाल घेतला, भास्करने निळा, पाण्यातला माणूस तो.
रामआसरे पांढऱ्यावर अडून बसला.
पिवळा उरला, तो मला.
पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक,
चौथ्याला भोपळा.
पिवळ्यांकडे त्या रात्री भोपळ्यांचा मळा पिकला होता.

मी बघत होतो कडेला बसलेल्याला.
राखीव.
मांडीवर हेल्मेट, एक पाय सारखा हलता.
अंगावर इतरांइतकंच चामडं, चाकात तितकेच खिळे,
फक्त नाव पुकारायचं बाकी.
ही बसायची तऱ्हा मी ओळखतो.
अकरा वर्षं बदलीवर आहे.
गेटजवळच्या बाकावर, डबा न उघडता,
आज कुणाचा खाडा पडतो का बघत,
आणि पडू नये असंही वाटत,
कारण खाडा म्हणजे कुणाचा ताप, कुणाची आई,
परवा जनार्दन पागधरेचं बोट.
आज मी त्या बोटाच्या जागी कामाला आहे.

मध्येच डबे उचलायची वेळ झाली.
क्रेन, खारं पाणी, डोळ्यांत अमोनिया,
पंचवीस मिनिटं शर्यत आमच्याशिवाय चालली.
परत आलो तर पिवळ्यांपैकी एक स्ट्रेचरवर
आणि बाक रिकामा.

तो सुटला. पहिल्या वळणावर शेवटचा.
दुसऱ्या वळशात लाल फार बाहेर गेला,
तेवढ्या फटीत हा घुसला,
मी आकडा हातात घट्ट धरून बसलेलो, कशाला कोण जाणे.
पुढचं काहीच त्याला मिळालं नाही.
मागचाही त्याने येऊ दिला नाही.
तिसरा. एक गुण.
पिवळे चौथे होते, चौथेच राहिले.

हेल्मेट काढून त्याने कॅमेऱ्याकडे नाही,
ॲम्ब्युलन्स गेली त्या फाटकाकडे पाहिलं.

बक्षीस समारंभ आम्ही बघितला नाही,
धक्क्यावर दोन बोटी भोंगे वाजवत होत्या.
चहा माझ्याकडून.
किटली घेऊन जाता जाता जनार्दनला फोन लावला,
हात कसा आहे विचारायला.
इतक्या रात्री कोण उचलणार.
रिंग वाजून वाजून बंद झाली.

येऊन पाहिलं तर मोबाईल टेकवला होता तिथे
लादी आत गेली होती,
बरोबर मोबाईलएवढी.
सिमॉन म्हणाला, बघतोस काय, ढकल.
ढकलली.