हालु कुडी

निंगव्वा म्हणाली, हालु कुडी, मलगु.
दूध पी, नीज.
एवढंच.
मला कन्नड येतं, लहानपणापासून येतं,
तरी त्या दिवशी कानांनी मराठीच ऐकली.
हालू, कुडी.
म्हटलं, खरं आहे बाई,
हालतेच की ही कुडी, रात्रभर.

खानापूरच्या बाजारात ती बसते रविवारी,
सुक्या मासळीच्या पलीकडं, पोतं अंथरून.
जायफळं, वेखंड, आस्कंदाच्या काड्या,
जांबोटीकडच्या रानातली कसली कसली मुळं.
त्यांची नावं ती दोन भाषांत सांगते
आणि भाव एकाच.

किती वर्षं नाही झोप?
सव्वीस.
काम?
उद्यमबागला. फौंड्रीत. रात्रपाळी.
तिनं माझा हात पालथा करून बघितला,
रसाचे थेंब उडून पडलेले पांढरे ठिपके,
आणि एक जायफळ मुठीत ठेवलं,
थंडगार.

दोन वाजता भट्टी फोडायचो आम्ही.
साच्यात रस ओतायचा तो एका दमात,
मध्ये हात थांबला की सांधा पडतो,
वरून दिसत नाही, पण माल तिथंच तुटतो.
रिटायर होऊन वर्ष झालं,
माझी झोप तसलीच, सांध्यासांध्यांची.
दोन वाजले की हात अजून
लाडलचा दांडा शोधतात गोधडीखाली.

मग सुरू केलं.
चारनंतर चहा बंद.
(हेच अवघड. कोपऱ्यावरचा बसाप्पा अजून
लांबूनच दोन बोटं दाखवतो, कट?
मी मान हलवतो, सुतक असल्यासारखी.)
सातला जेवण, जोंधळ्याची भाकरी, दोडका,
तिखटाला हात राखून.
मोबाईल फडताळात, तांदळाच्या डब्यामागं.
सकाळी येळ्ळूरच्या रस्त्यानं चालायचं
ऊन तोंडावर घेत,
त्याच उन्हाकडं पाठ करून मी इतकी वर्षं
खिडकीला चादर लावून पडलो.

पहिल्या आठवड्यात काही नाही.
दुसऱ्यात जायफळ जास्त उगाळलं,
दिवसभर डोकं जड, तोंड कोरडं.
निंगव्वा भडकली.
चिमूट म्हणजे चिमूट, ते काय
तुझ्या फौंड्रीचं फावडं आहे?
तिसऱ्यात एकदा साडेतीनपर्यंत झोपलो
आणि उठून सगळ्या घराला सांगावंसं वाटलं.

घराला म्हणजे तुळसाला.
ती अंथरुणात नव्हती.
स्वयंपाकघरात बसली होती, दिवा न लावता,
भिंतीला टेकून.
काय करूलाईस इथं?
म्हणाली, दोनला जाग येते, मग येत नाही.
कधीपासून?
भोंगा होत होता की तुमचा,
वारा इकडचा असला तर मजगावपर्यंत यायचा.
झाला म्हणजे म्हणायची, ओतलं बाई,
आजचं पण पार पडलं.
नाही ऐकू आला तर
बसून राहायची कडी वाजेपर्यंत.

फौंड्रीनं पगार एक दिला,
झोपा दोन घेतल्या.
आणि मी एकट्यापुरतं
एकच जायफळ आणलं होतं.

आता पातेल्यात दोन पेले दूध,
खसखस वाटून, गूळ किंचित.
काशाच्या वाटीनं तूप घासतो तिच्या तळपायाला.
आधी पाय ओढून घेतला तिनं,
शेजारणीला कळलं तर, म्हणाली.
भेगा आहेत, खोल, साच्याला तडे जातात तशा,
वाटी त्यांत अडकते, आवाज करते,
तूप हळूहळू काळं होतं.
डाव्या पायावरून उजव्यावर येईपर्यंत
ती घोरायला लागते.

मी जागाच आहे.
सांगितलं निंगव्वाला, अजून पुरतं जमलेलं नाही.
म्हणाली, सव्वीस वर्षांचं ऋण
सव्वीस दिवसांत फिटतं होय?

दोनला भोंगा होतो. दुसऱ्या कुणासाठी.
तुळसा कूसही बदलत नाही.
तिचा पाय अजून माझ्या मांडीवर,
तुपानं ओला.
मांडीला मुंग्या आल्यात.
हालू नको, कुडी.