दोन वाडगे रावोन

सुराबायात त्या दिवशी तेहतीस अंश होतं
आणि गेटाबाहेर लोकरीचे मफलर विकले जात होते,
निळे-पांढरे, झालरवाले,
कुठल्याशा गारठलेल्या गिरणीगावाच्या क्लबचे.
माझ्या भाच्याने दोन घेतले. एक गळ्यात,
एक घाम पुसायला.

मी दुभाषी. क्रूझवर सात वर्षं
ताटं मोजता मोजता स्पॅनिश शिकले,
म्हणून पाक हेंद्रोंनी बोलावलं.
कप्तान उरुग्वेचा आहे, इंग्रजीला लाजतो,
सामन्याआधी दोन मिनिटं बोलेल,
तू ते आपल्या लोकांना सांग.
आणि हो, टायर कंपनीचं नाव दोनदा यायला हवं.

अकरा दिवसांत चार शहरं.
बरोबर त्यांचा आचारी,
आचाऱ्याबरोबर त्यांचा पास्ता,
पास्ता उकडायला पाणीसुद्धा त्यांचंच.

आमचा संघ कधीचा उन्हात उभा होता.
डाव्या बचावपटूला, यांतोला, बजावून ठेवलेलं,
कुणाच्या पायात पाय घालायचा नाही,
एकेका पायाचा विमा तुझ्या गल्लीहून महाग आहे.
त्याच्या नावाने कोणी ओरडलं नाही.
त्याची आई ओरडली असेल,
पण ऐकू नाही आली.

कप्तानाने माइक घेतला. तेवीस वर्षांचा पोरगा,
डोळ्यांत तीन विमानांची झोप.
म्हणाला, "तुमची नदी, तिच्यावरचे रात्रीचे दिवे,
सोनेरी देवळाच्या त्या पायऱ्या..."
आणि थांबला.
मग माझ्याकडे वळून, हसू तसंच ठेवून,
सूरही तोच ठेवून,
उघड्या माइकमध्ये म्हणाला,
"ते मागचं शहर होतं ना?
बाई, मी कुठे आहे तेच मला कळत नाहीये.
तूच काहीतरी बोल."

चाळीस हजार माणसं.
स्पॅनिश एकालाही येत नसावं.
सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते,
पंगतीत वाढप्याच्या हाताकडे बघावं तसे.

मी म्हणाले, कप्तान सांगतायत,
काल रात्री ते हॉटेलातून गुपचूप सटकले,
बु सुमिनाहच्या टपरीत जाऊन बसले
आणि रावोन खाल्लं, आपलं रावोन,
काळ्या बियांचं ते शाईसारखं सार,
दोन वाडगे,
वर मिरची मागून घेतली.

असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.
छत असतं तर उडालं असतं.
अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली.
कप्तान दचकला, माझ्या कानाशी आला,
"काय सांगितलंस?"
"तू जेवलास म्हणून सांगितलं."
"बरं केलंस," म्हणाला,
"तीन दिवस घास उतरत नाहीये."

टायर कंपनी मात्र राहूनच गेली.

सहा-एक हरलो.
तो एक यांतोने मारला, कसा कोण जाणे, लांबून.
आमचेच लोक गप्प झाले,
पाहुण्यांना वाईट वाटेल असं वाटलं असावं.
त्या शांततेत
या वेळी आई ऐकू आली.

तिसऱ्या दिवशी टपरीवर पाटी लागली,
कप्तान इथे बसले होते. दोन वाडगे.
दर दोन हजार रुपियांनी वाढला.
लाल प्लॅस्टिकचं एक स्टूल दोरीने वर टांगलंय,
त्यावर आता कोणी बसायचं नाही.
बु सुमिनाह नऊला बंद करते,
हे तिला ठाऊक आहे, मलाही.
पण परवा ती गिऱ्हाइकाला सांगत होती,
किती घामाघूम झाला होता लेकरू,
दुसऱ्या वाडग्याला नाकाचा शेंडा लाल,
मी पंखा त्याच्याकडे वळवला.
मी मान हलवली. पंखा माझ्याकडून सुटलाच होता.

यंदा जूनमध्ये दुसरा क्लब येतोय, लाल-काळा.
कालच पाक हेंद्रोंचा फोन आला.
कप्तान पोर्तुगीज बोलतो म्हणे, जमेल ना?
मी म्हटलं, पोर्तुगीज मला येत नाही हो.
"बिघडत नाही," ते म्हणाले,
"रावोन तर येतं ना?"