नाकातलं शिसं

आमच्या बिल्डिंगीखालचा रस्ता जरा जास्तच सरळ आहे.
पूर्वी ती धावपट्टी होती, परकार सांगतो,
आणि खिडकी लावून घेतो,
कारण ऑगस्टात शारजात रंग वाळत नाही,
नुसता घामेजतो.

शौकत परकार, हर्णैचा. विमानतळावर लोडर.
रात्रभर विमानाच्या पोटात वाकून पेट्या सारतो,
सकाळी येऊन गुडघ्यांना बाम चोळतो,
मग पलंगावर पाट मांडून
तेच विमान पुन्हा बांधायला घेतो,
एकशे चव्वेचाळिसाव्या हिश्शाचं.

त्या मापात माणूस दीड तांदूळ भरतो.
एकदा त्याने हिशेब करून दाखवला होता:
अठरा वर्षं झाली इथे,
भागिले एकशे चव्वेचाळीस,
पंचेचाळीस दिवस.
म्हणजे बरोब्बर एक रजा, म्हणाला,
आणि हसत हसत ब्रश थिनरमध्ये बुडवला.

सांगाड्यातून एकेक भाग सोडवतो नेलकटरने.
जोडरेघ घासायला नेलफाइल,
बायकोने मागवलेली, पाठवायची राहून गेलेली.
पट्ट्या आणि आकडे स्टीलच्या वाटीत भिजतात.
कागदावरून सुटायचा एकच क्षण असतो,
जरा घाई केली की शेपटीवरचा आकडा चुरगळला.
तेवढा वेळ आम्ही तिघंही श्वास धरतो,
परकार, मी, आणि बिजूसुद्धा,
ज्याच्या मते हा सगळा पोरखेळ आहे.

पोटाला, मालाच्या दाराशी, तो एक ओरखडा काढतो
तीन केसांच्या ब्रशने.
किटच्या कागदावर असला ओरखडा नाही.
तो दोन वर्षांपूर्वी पाकिस्तानी ट्रॉलीवाल्याने पाडला,
खऱ्या विमानाला,
आणि शिव्या याने खाल्ल्या.
आतली जमीनही रंगवतो, रूळ, जाळी, सगळं.
दोन अर्धुकं चिकटली की कुणाला दिसणार आहे?
मी विचारलं होतं.
बंद करणारा मीच ना, म्हणाला.

आणि चिकटवण्याआधी नाकात शिसं.
खाडीवरच्या कोळ्यांकडून आणलेली जाळ्याची गुंडी,
हातोडीने चपटी केलेली.
नाहीतर पुढचं चाक उचलतं,
विमान शेपटीवर बसतं,
कुत्र्यासारखं.
हे तो नव्या माणसाला पहिलं सांगतो,
चहा विचारायच्या आधी.

मार्चमध्ये एका पहाटे तो आला आणि पाट मांडला नाही.
बामही नाही.
लांबट पेटी होती, एवढंच बोलला.
लेबलवर तालुका दापोली.
नाव वाचलं का, विचारलं,
तर उठून बाथरूमला गेला.

अकरा दिवस किट तसंच खोक्यात.
बाराव्या दिवशी बसला.
प्लास्टिकची एक पट्टी कापली,
दीड सेंटिमीटरला थोडी कमी,
प्लायवूडच्या रंगात दोनदा रंगवली.
पट्टीच्या कडेला काळे ठिपके, खिळ्यांचे,
मोजले नाहीत मी, पण घाई नव्हती त्याला.
चिमट्याने उचलून आत ठेवली,
दारापासून तिसऱ्या जागी,
आणि दोन्ही अर्धुकं मिटून
रबरबँड लावले.

आठवड्याने ते फळीवर आलं.
पांढरं, निळी शेपटी, ओरखडा जागच्या जागी,
आणि नाक वर, छताकडे.
मागे बसलेलं.

शिसं विसरलास, मी म्हटलं.
माहितेय, म्हणाला.
उघडता येईल अजून, ब्लेडने.
नको.

रात्री तो ड्यूटीवर गेला, दार लोटून.
बिजू वरच्या पलंगावरून उतरला,
फळीसमोर बराच वेळ उभा राहिला बनियनवर,
मग पँटच्या खिशातून बसचं तिकीट काढलं,
चार घड्या घातल्या,
आणि शेपटीखाली सरकवलं.
हात काढला.
पुन्हा एक घडी वाढवली.