उरलेली फीत

तिसरा अल्बम सगळ्यात चांगला,
असं वैखरी म्हणाली
आणि भुर्जीवाल्याचा कालथा तव्यावर थबकला.
थबकला नसेल. मला तसं वाटलं.

नळस्टॉप, रात्रीचे साडेअकरा.
वर मेट्रोचा पूल, खाली आम्ही चौघं,
काळे टीशर्ट पोटावर ताणलेले,
दोघांना शुगर.

"तिसरा? ज्यात ड्रम्स
स्टीलचं पिंप जिन्यावरून घरंगळल्यासारखे वाजतात?"
हा सरदेशमुख. पहिल्या अल्बमच्या पुढे
तो कधी सरकलाच नाही.
पहिल्यात राग होता, म्हणतो.
दुसऱ्यात रागाचे हप्ते.
तिसऱ्यात गायकानं केस कापले, विषय संपला.

"केस कापल्यावरच त्याचा आवाज ऐकू आला,"
वैखरी म्हणाली, आणि अर्धा पाव मोडून बाजूला ठेवला.
म्हणजे आता ती माघार घेणार नव्हती.

मग व्हिडिओ निघाला. निघणारच होता.
रिकाम्या स्विमिंग पूलमध्ये पांढरा घोडा,
साडेचार मिनिटं नुसता उभा.
सरदेशमुखच्या मते ती कला.
वैखरीच्या मते बजेट संपलं होतं.
मी म्हणालो, त्या घोड्यानं माझं गाणं पळवलं.
आधी त्यात मला शाळेमागचा बोळ दिसायचा,
सायकलची उतरलेली चेन, हाताला काळं.
आता घोडा दिसतो.
कुणी हसलं नाही. हसावं म्हणून मी बोललोही नव्हतो.

आणि बोललोच आहे तर, म्हणून
तीस वर्षं दाबून ठेवलेलंही काढलं:
शेवटचं गाणं मला अर्धंच आवडतं.
कॅम्पातून भरून आणलेल्या साठच्या कॅसेटवर
ते एका ओळीनंतर, त्यानं श्वास घेतल्याबरोबर, तुटायचं.
पुढे नुसती सरसर,
शेजारच्या खोलीत कुणी तांदूळ पाखडतंय अशी.
मी त्या श्वासावर जीव टाकायचो.
मग नोकरी लागली, सीडी घेतली,
तर श्वासानंतर अजून चार मिनिटं!
व्हायोलिनं, पोरांचा कोरस, पुन्हा तेच, पुन्हा तेच,
निघालेला पाहुणा चपला घालून
दारातच अर्धा तास बोलतो, तसं.

"फीत संपली होती, बाबा," सरदेशमुख म्हणाला,
"आणि तू तिला सौंदर्यशास्त्र म्हणतोस."

संपली नव्हती. तेच तर सांगतोय.
पुढे फीत होती. कोरी. पाच मिनिटं तरी.

डॅनियल इतका वेळ भुर्जीतली मिरची वेचत होता.
"दुकान आमचंच," तो म्हणाला.
ताबूत स्ट्रीट, जिन्याखाली, दोन डेक, एक स्टूल.
"वडील भरायचे. दिवसा खडकीला दारूगोळा कारखाना,
लग्नसराईत बँडात क्लॅरिनेट, उरलेल्या संध्याकाळी हे.
प्रत्येक कॅसेट हेडफोन लावून पूर्ण ऐकायचे.
या गाण्यात तिथं आले की बटण दाबायचे.
म्हणायचे, इथं नवरा घोड्यावरून उतरला.
आता कशाला वाजवायचं?"

"सगळ्यांच्या कॅसेटवर?"
"सगळ्यांच्या."
"आणि कुणी काही बोललं नाही?"
"एकच पोरगा आला होता भांडायला.
अडीच रुपये परत मागत होता."

सरदेशमुख बराच वेळ पाणी प्यायला.

म्हणजे अख्ख्या कॅम्पात, तीस वर्षांपूर्वी,
ज्याला कुणी मत विचारलं नव्हतं
त्यानं ते आम्हा सगळ्यांच्या खिशात घालून पाठवलं होतं,
कव्हरवर निळ्या शाईत
गाण्यांची नावं चुकीच्या स्पेलिंगनं लिहून.
मला त्यांचा चेहरा आठवेना. बोटं आठवली.

भुर्जीवाल्यानं गॅस बंद केला.
पैसे कोण देणार यावरून नेहमीचं झालं,
वैखरीनं दिले.
मी गाडी काढली, हेल्मेट चढवलं,
मागून सरदेशमुख अजून ओरडत होता,
ठीक आहे, तिसरा सोड,
पण चौथ्याबद्दल तरी तू